कारणाचा रकाना: चांद्याची दारू आणि मनाचा आजार

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या दगडांची नोंद ठेवण्यात कोणी कसूर केलेली नाही. गाव भांदक म्हणून ओळखलं जायचं तेव्हाच, १८७० च्या दशकात, पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमनं इथं येऊन विजासनची लेणी आणि पडकी देवळं तपासली. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगनं पाहिलेली कोसलाची राजधानी हीच का, हा वाद त्यानं सुरू केला आणि तो अजून अधूनमधून उकरला जातो. भद्रनागाचं देऊळ, पार्श्वनाथाचं तीर्थ, वर्धा खोऱ्यातला कोळसा, सगळ्याला कागद आहेत. दारूलाही भरपूर आहेत: भट्टीचा मक्ता, लिलाव, परवाने, पुढे बंदीचे आदेश आणि बंदी उठवल्याचे आदेश. वेड लागलेल्या माणसांचेही थोडे आहेत, नागपूरच्या इस्पितळाच्या दप्तरात. पण ज्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या, म्हणजे मनाचा चढउताराचा आजारही होता आणि दारू किंवा गांजाचं व्यसनही, असा माणूस या दप्तरांतून बहुतेक वेळा निसटला आहे. तो सापडला, तर एका रकान्यात सापडतो आणि तिथं त्याच्या एका दुखण्याला दुसऱ्याचं कारण ठरवून विषय मिटवलेला असतो. नोंद ठेवण्याची ही सवय सरकार बदललं तरी सुटली नाही, आणि चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यानं दारूबद्दल घेतलेल्या प्रत्येक मोठ्या निर्णयावर तिची छाप आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी आजाराबद्दल. द्विध्रुवी विकार, ज्याला आता घराघरांत बायपोलर म्हणतात, त्यात माणसाला काही आठवडे किंवा महिने उन्मादाचे येतात. झोप नकोशी होते, बोलणं थांबत नाही, पैसा हातात टिकत नाही, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. मग कधी तरी उलट फेरी येते आणि अंथरुणातून उठणंही जड होतं. मधल्या काळात तो अगदी पूर्वीसारखा वागू शकतो. या आजाराशी व्यसनाची गाठ किती घट्ट असते, हे अमेरिकेत पाच ठिकाणच्या २० हजारांवर लोकांच्या पाहणीतून १९९० मध्ये दिसलं. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकार जडलेले १३.५ टक्के होते. तीव्र उन्माद येणाऱ्या रुग्णांत हेच प्रमाण ४६ टक्क्यांच्या घरात होतं, आणि इतर नशा धरल्या तर ६० टक्क्यांच्या वर. इतर मोठ्या मनोविकारांत व्यसनाची इतकी जवळीक क्वचितच आढळते. कारणं दोन्ही बाजूंनी वाहतात. उन्मादात लगाम सुटतो, म्हणून पिणं वाढतं. उदासीत झोप यावी, छातीवरचा भार हलका व्हावा म्हणून पिणं होतं. आणि दारू झोपेची घडी विस्कटते, त्यातून पुढची फेरी लवकर येते. यातलं आधी काय आणि नंतर काय हे सांगायला जाणत्या मनोविकारतज्ज्ञालाही रुग्ण महिनाभर पूर्ण कोरडा ठेवून पाहावा लागतो.

योगायोग असा की या आजाराचं आधुनिक वर्णन आणि चांद्यावरचं इंग्रजी राज्य एकाच वर्षाचं. १८५४ साली पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्झे या दोन वैद्यांनी उन्माद आणि विषण्णता यांचं चक्र हा एकच आजार असल्याचं वेगवेगळं मांडलं आणि मग आधी कोणी मांडलं यावर भांडले. त्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरला वेड्यांचं इस्पितळ उभं राहिलं. चांद्याच्या जंगलातल्या माणसाला तिथं पोचायचं तर स्वतःहून जाण्याचा प्रश्न नव्हता. १८५८ च्या कायद्यानं भटकणाऱ्या किंवा घातक वाटणाऱ्या वेड्याला पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचं काम पोलिसांवर टाकलं होतं. म्हणजे घरात गप्प पडून राहिलेला, खाणं सोडलेला उदास माणूस या वाटेनं कधीच जाणार नव्हता. जाणार होता तो उन्मादातला, ओरडणारा, अंगावर धावून जाणारा. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या इस्पितळांच्या तक्त्यांत उन्माद हे निदान सगळ्यांत मोठं दिसतं, त्यामागं ही चाळणी आहे. चक्राचा एक अर्धा भाग गाळणीतच अडकून राहत होता, आणि अर्धंच चक्र पाहणाऱ्या डॉक्टरला चक्र दिसणं शक्य नव्हतं.

रुग्णाबरोबर एक वर्णनपत्र येई. नाव, जात, वय, धंदा आणि वेडाचं कारण. या शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिणं भाग होतं. तो भरायचा पोलिसानं, ज्याला त्या माणसाचा मागचा इतिहास ठाऊक नसे आणि ज्याच्यासमोर नातेवाईक असतीलच असं नव्हतं. चौकशीत कोणी सांगितलं की हा गांजा ओढायचा, तर रकाना भरला. कोणी काहीच सांगितलं नाही तरी गांजा हे कारण हाताशी होतंच. इस्पितळाचा अधीक्षक तो शब्द आपल्या वार्षिक तक्त्यात उतरवून घेई, तक्ता प्रांताच्या अहवालात जाई, आणि प्रांताचा अहवाल लंडनला पोचेपर्यंत पोलिसाचा अंदाज शास्त्र झालेला असे.

ही साखळी कधी उघडी पडली नसती, पण १८९३ मध्ये दारूबंदीचा खंदा पुरस्कर्ता असलेल्या डब्ल्यू. एस. केन या खासदारानं ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गांजाचा प्रश्न काढला आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजा आयोग नेमला गेला. चांदा ज्यात मोडे तो मध्य प्रांत या चौकशीत महत्त्वाचा होता, कारण गांजाची सरकारी देखरेखीखालची शेती निमाड भागात, खांडव्याजवळ होत असे. आयोगानं हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि त्याहून मोलाचं म्हणजे इस्पितळांचे तक्ते जसेच्या तसे मान्य करायला नकार दिला. १८९२ या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यातल्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण होतं. आयोगानं एकेक प्रकरण उकरून पुन्हा तपासलं. ९८ उरले. त्यातलेही ६१ एवढेच निव्वळ नशेचे म्हणता येतील असे होते, बाकीच्यांत दुसरी कारणं मिसळलेली होती. म्हणजे रकान्यातलं निम्म्याहून अधिक लिखाण छाननीत टिकलं नाही.

यावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही रास्त आहे. गांजावर सरकारला कर मिळत होता, मग सरकारनं नेमलेला आयोग गांजाला अर्धा निर्दोष ठरवील यात नवल काय? आयोगानं शेवटी बंदी नको, कर आणि परवाने ठेवा, अशीच शिफारस केली, हेही खरं. शंका घ्यायला हरकत नाही, पण ती शिफारशीवर घ्यावी. प्रकरणांच्या छाननीला ती लागू होत नाही, कारण ज्या डॉक्टरांनी तक्ते भरले होते त्यांनीच उलटतपासणीत कबूल केलं की कारण आपण तपासलेलं नव्हतं, नुसतं उतरवून घेतलं होतं. आयोगाची खरी उणीव वेगळी आहे. त्यानं विचारलं: हे वेड गांजानं आलं की नाही? नाही असं ठरलं की तो माणूस आयोगाच्या कामाचा राहिला नाही. वेड वेगळ्या कारणानं आलं आणि गांजाही होता, दोन्ही एकमेकांना पोसत होते, ही शक्यता त्या प्रश्नात बसतच नव्हती. एक उदाहरण घ्या. गांजाचं वेड लवकर उतरतं, अशी त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती. चार महिन्यांत रुग्ण शहाणा झाला की तो गांजाचाच होता हे सिद्ध झालं असं मानत, आणि दोन वर्षांनी तो परत आला की घरी जाऊन पुन्हा ओढू लागला असं म्हणत. पण उन्मादाची फेरीही औषधाशिवाय काही महिन्यांत आपोआप ओसरते आणि काही काळानं परत येते. बंद इस्पितळात नशा मिळत नाही म्हणून बरं वाटलं की फेरी संपली म्हणून, हे त्या तक्त्यावरून कोणाला सांगता येईल? मी त्या मेलेल्या माणसांवर आजचं निदान लादत नाही. दप्तर त्याला पुरेसं नाही. एवढंच म्हणतो की त्या काळी ज्याला पुरावा मानलं तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो.

पुढे १८९९ मध्ये जर्मनीत एमिल क्रेपेलिननं आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उन्माद-विषण्णतेचा हा आजार आज ओळखतो त्या रूपात बांधून दिला. हा माणूस स्वतः दारू पूर्ण सोडलेला आणि दारूविरोधी प्रचार करणारा होता. तरीही त्यानं आजाराची ओळख कारणावरून केली नाही, वर्षानुवर्षांच्या चालीवरून केली: कधी सुरू झालं, किती टिकलं, मध्ये कसा होता, परत कधी आलं. चांद्याच्या माणसाची अशी चाल लिहून ठेवणारं कोणी नव्हतं. इस्पितळ सव्वाशे किलोमीटरवर, सुटून गेलेला माणूस जंगलात, आणि परत आला तर नव्या वर्णनपत्रासह, नव्यानं.

आता दारूकडे. या मुलखात मोह हे झाड आहे तोवर दारूला दुकान लागत नाही. चैत्राच्या सुमारास पहाटे फुलं गळतात, बायका-पोरं ती वेचतात, वाळवतात. ती खायला चालतात, गुरांना चालतात, व्यापाऱ्याला विकता येतात आणि सडवून भट्टी लावली की दारू होते. गोंड-माडिया समाजात पेनांना, म्हणजे देवांना, आणि पितरांना ती वाहिल्याशिवाय जन्म, लग्न, मरण यातलं काही पुरं होत नाही. दक्षिण गडचिरोलीत सुरमाडाचा गोरगाही आहे. इंग्रजी अमलानं यात आणली ती भट्टीच्या मक्त्याची पद्धत: ठराविक मुलखात गाळून विकण्याचा हक्क लिलावात घ्यायचा आणि दिलेली रक्कम विक्रीतून वसूल करायची. मक्तेदाराचं हित रोज पिणाऱ्या गिऱ्हाइकात होतं, सणाला पिणाऱ्यात नव्हतं. घरी गाळणं हा गुन्हा झाला. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. दारू वर्षाच्या चक्रातून निघून आठवड्याच्या बाजारात आणि मग रोजच्या संध्याकाळी आली, ती या वाटेनं.

इथं कोणी म्हणेल की हा आदिवासी जीवनाचा गोडवा झाला, आधीही लोक झिंगून पडतच होते आणि बायका मारही खात होत्या. खरं आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींच्या ग्रंथात गोंडांच्या पिण्याबद्दल पुष्कळ आहे आणि ते गोड नाही. इंग्रज लेखकाचा चष्मा वजा केला तरी काही उरतंच. माझा मुद्दा पिणं चांगलं होतं असा नाही. ज्याच्या मनाला चढउताराची खोड आहे त्याच्यासाठी दारू कधी मिळते आणि किती सलग मिळते याला महत्त्व आहे. सणाला चार दिवस आणि मग महिनाभर काही नाही, अशा पिण्यात उन्माद आलेला माणूस वेगळा उठून दिसतो, कारण बाकीचे थांबलेले असताना तो थांबत नाही. रोज दारू मिळणाऱ्या बाजारात तो इतरांसारखाच दिसतो. गावाला तो पिणारा वाटतो, आणि पुजाऱ्याकडे किंवा दवाखान्यात नेण्याची वेळ टळते.

भद्रावतीच्या बाजूला हा बदल जंगलापेक्षा खाणीनं जास्त केला. शेजारच्या वरोऱ्याला १८७० च्या दशकात सरकारी कोळसा खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ मध्ये ती खाण बंद झाली. तोवर या पट्ट्यात रोख मजुरीची आणि पगाराच्या दिवसाची सवय रुजली होती. १९६० च्या दशकात भद्रावतीत दारूगोळ्याचा कारखाना आला, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी झाली, माजरीच्या आजूबाजूला एकेक खाण उघडत गेली. खाण तीन पाळ्यांत चालते. या आठवड्यात सकाळची, पुढल्या आठवड्यात रात्रीची. झोप मोडली की उन्मादाची फेरी ओढली जाऊ शकते, हे मनोविकारशास्त्रात बऱ्यापैकी मान्य आहे. आणि रात्रपाळी करून सकाळी उजेडात झोप यावी म्हणून घेतलेली दारू तर कामगार वस्तीत व्यसनातही मोजली जात नाही. कोळसा आणि दारू यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर नाटकं झाली, भाषणं झाली. पाळी आणि मन यांचं नातं मात्र कामगार कल्याणाच्या फायलीत शिरलेलं दिसत नाही.

मग बंदी. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, तो काही भागांपुरताच चालला. गांधींचा जिल्हा म्हणून वर्धा १९७० च्या दशकात कोरडा झाला. गडचिरोली १९८२ मध्ये चांद्यापासून वेगळा जिल्हा झाला. तिथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, गावोगावच्या बायका दारूविरुद्ध उठल्या आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी आली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं डिसेंबर २०१० मध्ये बायकांनी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी मोर्चा नेला. समिती बसली, अहवाल आला, निवडणूक झाली, आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्हा कोरडा झाला. सहा वर्षांनी, २७ मे २०२१ रोजी, बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर मंत्रिमंडळानं बंदी उठवली. या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी जे मोजलं ते पाहण्यासारखं आहे: बुडालेला महसूल, पकडलेल्या पेट्या, दाखल गुन्हे, अवैध विक्री, बाटलीचा काळाबाजारातला भाव, आणि दुसऱ्या बाजूनं मारहाण, उसनवारी, विधवा. वाद खरा होता आणि मोजमापही खरं होतं. पण त्यात पिणारा माणूस सर्वत्र एकाच जातीचा आहे. बंदीवाल्यांच्या लेखी तो दारूचा बळी आणि उठवणाऱ्यांच्या लेखी दारूचं गिऱ्हाईक. ज्याच्या पिण्यामागं दुसरा आजार आहे असा कोणी कुठल्याच तक्त्यात नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रकान्यात वेडाचं कारण गांजा होतं; आता घर मोडण्याचं कारण दारू झालं; मधल्या माणसाची चाल कोणी विचारली नाही.

बंदीच्या बाजूचे लोक यावर जे म्हणतील ते मला सगळ्यांत वजनदार वाटतं. बायपोलर दुर्मीळ आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी तरी हा विकार झालेले अवघे ०.५ टक्के निघाले, आणि दारूचा विकार असलेले ४.६ टक्के. मग हजारो घरं पोळत असताना मूठभरांसाठी धोरण का थांबवायचं? शिवाय दारू मिळायची बंद झाली तर या मूठभरांचंही भलंच होईल. पहिल्या भागाला उत्तर असं की धोरण थांबवा असं मी म्हणतच नाही. चिमूरहून चालत गेलेल्या बायकांना घरातलं निदान करत बसायला सांगणं हा उद्धटपणा ठरेल. पण अर्धा टक्का म्हणजे २० लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या जिल्ह्यात हजारो माणसं होतात. अर्थात त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हताच, छत्तीसगड आणि मध्य प्रदेश होते, त्यामुळे हा आकडा शेजाऱ्यांवरून बांधलेला अंदाज आहे. आणि त्यातल्या माणसाला व्यसन असण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट. व्यसनमुक्तीच्या दारात पुन्हापुन्हा येणारे, प्रत्येक वेळी सुटून प्रत्येक वेळी परत पडणारे, ज्यांच्याकडे बोट दाखवून बंदी फसली किंवा उपचार फसले असं म्हणतात, त्यांत ही माणसं त्यांच्या संख्येच्या मानानं जास्त असण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या भागाला उत्तर अवघड आहे आणि ते अर्धवटच देता येतं. पुरवठा घटला की बहुतेकांचं पिणं घटतं, हे मान्य. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येते, भलतंच दिसू लागतं. घरच्यांना ते अंगात आल्यासारखं वाटतं, पोलिसाला वेड वाटतं, आणि ज्याला आधीपासून उन्मादाचा आजार आहे त्याच्या बाबतीत अनुभवी डॉक्टरही बुचकळ्यात पडतो. अशा वेळी रुग्णाला खाट आणि औषध लागतं. गडचिरोलीत हे उशिरा का होईना उमगलं. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ मोहिमेनं बंदीच्या जोडीला तालुक्यांत व्यसनउपचार नेले. चंद्रपुरात बंदी आली त्याच २०१५ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं, पण या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध होता असं त्या काळच्या चर्चेवरून जाणवत नाही.

संबंध नसण्यामागं नुसता निष्काळजीपणा नाही. व्यसनाचं आणि मनोविकाराचं घर वेगळं ठेवायची पद्धत आपण मुद्दाम घालून घेतली. पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच. डॉ. अनिता अवचट स्वतः तिथल्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, तरी व्यसनी माणूस वेड्यांत बसायचा नाही, घरचे आणणार नाहीत, म्हणून दार वेगळं ठेवणं शहाणपणाचं होतं. त्या वेगळ्या दारानं महाराष्ट्रात हजारो माणसं वाचली. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही व्यसनींसाठी वेगळी रुग्णालयं काढायला परवानगी दिली. मात्र महाराष्ट्रभर मुक्तांगणची नक्कल होताना वेगळेपणा राहिला आणि मनोविकारतज्ज्ञ गळाला. उदासीत येऊन दाखल झालेल्या पिणाऱ्याला नुसती उदासीची गोळी दिली आणि मागचा उन्माद कोणी विचारला नाही, तर ती गोळीच त्याला पुढच्या उन्मादात ढकलू शकते. उलट मनोविकाराच्या दवाखान्यात यकृत न तपासता व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू केलं तर पिणाऱ्याच्या यकृतावर दुहेरी भार येतो. दोन्ही एकत्र पाहिलं तर काय होतं, याचा एक छोटा पण नेमका प्रयोग पिट्सबर्गमध्ये झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बायपोलर आणि दारूचं व्यसन दोन्ही असलेले ५९ रुग्ण, २४ आठवडे, सगळ्यांना लिथियम आणि निम्म्यांना जोडीला व्हॅल्प्रोएट. जोडगोळी मिळालेल्यांचे बेसुमार पिण्याचे दिवस कमी झाले. मनःस्थितीच्या बाबतीत मात्र दोन गटांमध्ये फारसा फरक दिसला नाही. म्हणजे मन सुधारलं की व्यसन आपोआप जातं, हा मनोविकारवाल्यांचा आवडता समजही तितकासा टिकत नाही, जसा व्यसन सुटलं की मन ताळ्यावर येतं हा दुसऱ्या बाजूचा टिकत नाही. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित अवस्था स्पष्टपणे घातल्या. कागदावर दोन्ही दारं एक झाली.

चंद्रपूर-भद्रावतीच्या पट्ट्यात हे दार नीट लागण्याची निकड एका अगदी साध्या कारणानं इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे, आणि ते कारण हवामानाचं आहे. या आजाराचं सगळ्यांत जुनं आणि अजूनही सगळ्यांत भरवशाचं औषध लिथियम. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडनं १९४९ मध्ये त्याचा गुण दाखवला. हा एक क्षार आहे, स्वस्त आहे, पण त्याची रक्तातली मात्रा अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि मात्रा विषारी होते. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. उघड्या खाणीत किंवा तेंदूच्या फडीवर दिवसभर घाम गाळलेला माणूस संध्याकाळी दारू प्याला, उलट्या झाल्या, रात्रभर लघवीला गेला, की शरीर कोरडं पडतं आणि कालपर्यंत औषध असलेली गोळी आज विष होऊ शकते. तेव्हा त्याचे हात कापतात, जीभ जड होते, तोल जातो, तो भिंतीला धरून चालतो. बंदीच्या काळात असा माणूस रस्त्यात दिसला तर पोलिसाला वैद्यकीय तपासणीची गरज वाटली नसती, आणि बंदी उठल्यावर शेजाऱ्याला वाटत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात लिथियमची मात्रा रक्तात मोजण्याची सोय असेल, आणि केसपेपरावर आधीच्या उन्मादाची तारीख आणि शेवटचं पिणं दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेलं असेल, तर रात्रपाळीच्या डॉक्टरला सलाईन लावायचं की पोलिसाला बोलवायचं हे पाच मिनिटांत ठरवता येतं.